योशिनोचा डोंगर, एप्रिल २०२५ : तयारीच्या प्रकल्प नोंदी

८ सप्टेंबर २०२४, पुणे

जपानच्या प्रवासाच्या तयारीची वही आज साडेचार वर्षांनी पुन्हा उघडली. पहिल्या भागातील शेवटची नोंद १६ मार्च २०२० ची असून तिच्यात "बॅगांची वजने झाली, येन घेणे बाकी" एवढेच लिहिलेले आहे. त्यानंतर नऊ दिवसांनी देशभर टाळेबंदी लागू झाली आणि आई, अण्णा व मी असा तिघांचा एप्रिलमधील क्योतोचा प्रवास रद्द झाला. तिकिटांचे पैसे परत मिळवण्यात जवळजवळ वर्ष गेले. जपानने स्वतंत्रपणे फिरणाऱ्या परदेशी पर्यटकांना ११ ऑक्टोबर २०२२ पासून पुन्हा प्रवेश दिला, परंतु त्याच महिन्यात अण्णांच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती, आणि पुढची दोन वर्षे माझ्या कार्यालयातील एका पुलाच्या कामाने घेतली.

अण्णा आता एकोणऐंशी वर्षांचे आहेत. साताऱ्याच्या महाविद्यालयात त्यांनी चौतीस वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवले, आणि साकुराचा, म्हणजे जपानी चेरीचा, बहर प्रत्यक्ष पाहण्याची त्यांची इच्छा माझ्या शाळेच्या दिवसांपासून मी ऐकत आले आहे. काल दूरध्वनीवर त्यांनी स्वतःहून विचारले, "ती जपानची वही तू ठेवली आहेस का गं?" एवढ्या प्रश्नावर हे काम पुन्हा सुरू झाले. आईने मात्र येण्यास नकार दिला आहे, कारण तिला थंडी अजिबात सोसत नाही. त्या दिवसांत ती माझ्या धाकट्या बहिणीकडे कोल्हापूरला राहील.

पुलाच्या कामाच्या नोंदी मी जशा ठेवते तशाच या ठेवणार आहे, म्हणजे काय ठरले, का ठरले आणि काय बाकी राहिले हे त्या त्या दिवशी लिहायचे.

२२ सप्टेंबर २०२४, सातारा

सकाळी अण्णांना घेऊन कासच्या पठारावर जाऊन आले. फुलांच्या दिवसांत तिथे रोज ठराविक संख्येनेच प्रवेश मिळतो, त्यामुळे जागा आधी नोंदवावी लागते, आणि नोंदणी करताना त्या दिवशी पठारावर तेरडा असेल की सीतेची आसवे, की नुसतेच धुके, हे कोणालाच सांगता येत नाही. आज धुके होते. अण्णा दीड तास एका दगडावर बसून राहिले. धुके विरले तेव्हा समोरचा सगळा उतार जांभळा दिसला. परतताना गाडीत ते म्हणाले, "जपानचेही असेच आहे. आपण तारीख धरून बसायचे नाही, जागा अशी निवडायची की तारीख थोडी चुकली तरी काहीतरी सापडेल."

या एका वाक्याने २०२० ची आमची योजना मोडीत निघाली, आणि ते योग्यच झाले. तेव्हा आम्ही क्योतो आणि टोकियो ही दोनच शहरे धरली होती. जपानमधील शहरांत, नदीकाठांवर आणि शाळांच्या आवारांत जी झाडे मुख्यतः दिसतात ती सोमेई योशिनो या एकाच वाणाची आहेत. एदो काळाच्या उत्तरार्धात, आजच्या टोकियोतील कोमागोमे भागात असलेल्या सोमेई नावाच्या गावातील माळ्यांनी हा वाण विकायला सुरुवात केली. एदोहिगान आणि ओशिमा या दोन जातींच्या संकरातून तो आला आहे, आणि पुढची सगळी झाडे कलमांनीच वाढवलेली आहेत. म्हणजे लाखो झाडे ही आनुवंशिक दृष्ट्या एकच झाड आहे. म्हणूनच एका शहरातील झाडे जवळजवळ एकाच दिवशी फुलतात, पाने येण्याआधी फांद्या फुलांनी भरून जातात, आणि आठवडा-दहा दिवसांत सगळे एकदम ओसरते. त्या दिवसांत वारा-पाऊस आला तर फुलांचा मुक्काम आणखी लहान होतो.

अण्णांनी हे मला आंब्याच्या भाषेत सांगितले. सोमेई योशिनो म्हणजे हापूसचे कलम आहे, आणि डोंगरातील यामाझाकुरा म्हणजे आपला रायवळ. यामाझाकुरा बियांपासून वाढते, त्यामुळे प्रत्येक झाडाचे फूल, कोवळ्या पानाचा रंग आणि फुलण्याची तारीख थोडी थोडी वेगळी असते. तिची तांबूस पालवी फुलांबरोबरच येते. "हापूस मी आयुष्यभर खाल्ला, मला आता रायवळाखाली उभे राहायचे आहे," असे ते म्हणाले.

त्यामुळे मुक्कामाचे मुख्य ठिकाण बदलले. नारा प्रांतातील योशिनो हा डोंगर आता या प्रवासाचा गाभा आहे.

६ ऑक्टोबर २०२४, पुणे

आज दिवसभर तारखांवर काम केले.

योशिनोच्या डोंगरावर सुमारे तीस हजार चेरीची झाडे आहेत आणि त्यांत यामाझाकुराच बहुसंख्य आहे. ही झाडे कोणी शोभेसाठी लावलेली नाहीत. एन नो ग्योजा या तपस्व्याला झाओ गोंगेन या देवतेचे दर्शन झाले आणि त्याने तिची मूर्ती चेरीच्या लाकडात कोरली, अशी तिथली परंपरा सांगते. तेव्हापासून चेरी हे त्या देवतेचे झाड मानले गेले आणि भाविक शतकानुशतके तिला चेरीची रोपेच वाहत आले. आपल्याकडच्या देवराईत झाड तोडू नये असा दंडक असतो. इथे त्याला झाड लावण्याचीही जोड मिळाली. डोंगरावरील किंपुसेन-जी हे मंदिर आणि तिथले जुने यात्रामार्ग २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहेत.

आमच्या दृष्टीने महत्त्वाची बाब डोंगराच्या चढात आहे. पायथ्यापासून वरपर्यंत झाडांचे चार टप्पे मानले जातात, ते म्हणजे शिमोसेनबोन, नाकासेनबोन, कामिसेनबोन आणि ओकुसेनबोन. सेनबोन म्हणजे हजार झाडे, आणि आधीचे शब्द अनुक्रमे खालची, मधली, वरची आणि आतली असे सांगतात. बहर खालून सुरू होतो आणि उंचीप्रमाणे थंडी वाढत असल्यामुळे टप्प्याटप्प्याने वर चढत जातो. पायथ्याची फुले एप्रिलच्या सुरुवातीला उमलतात आणि सर्वांत आतली झाडे बहुधा महिन्याच्या मध्यानंतर. म्हणजे या काळात डोंगरावर कोणत्याही दिवशी गेले तरी कुठल्या ना कुठल्या उंचीवर भरबहर असण्याची शक्यता मोठी आहे. कासच्या दगडावर अण्णांनी मागितलेली जागा हीच.

आता शहरांचे आकडे. जपान हवामान संस्थेच्या १९९१ ते २०२० या तीस वर्षांच्या सरासरीनुसार टोकियोत फुलण्याची सुरुवात २४ मार्चला आणि भरबहर ३१ मार्चला होतो; क्योतोत २६ मार्च आणि ४ एप्रिल, ओसाकात २७ मार्च आणि ४ एप्रिल. सरासरीवर मात्र विसंबता येत नाही. टोकियोत २०२०, २०२१ आणि २०२३ या तिन्ही वर्षी पहिली फुले १४ मार्चलाच आली, तर २०२४ मध्ये २९ मार्च उजाडला. एका वर्षात आणि दुसऱ्यात पंधरा दिवसांचा फरक पडतो, आणि आम्हाला रजा, तिकिटे व मुक्काम सहा महिने आधी ठरवायचे आहेत.

म्हणून असे ठरले की ५ एप्रिलला मुंबईहून निघून ६ ते ९ ओसाका, ९ ते ११ योशिनो, ११ ते १६ क्योतो आणि १६ ला परत. शहरांतील सोमेई योशिनो बहुधा गळण्याच्या टप्प्यावर असेल, आणि ते आम्ही समजून-उमजून स्वीकारले आहे. पाकळ्यांच्या या गळण्यालाही जपानी भाषेत मानाचे शब्द आहेत. वाऱ्याने उधळलेल्या पाकळ्या म्हणजे हानाफुबुकी, फुलांचे हिमवादळ. पाण्यावर साचून तरंगणारा त्यांचा थर म्हणजे हानाइकादा, फुलांचा तराफा. क्योतोतील 'तत्त्वज्ञाचा मार्ग' हा कालव्याकाठचा सुमारे दोन किलोमीटरचा रस्ता असे तराफे पाहण्यासाठीच मी यादीत घेतला आहे. उशिराच्या बाजूला निन्ना-जी मंदिरातील ओमुरो चेरी आहे. तिची झाडे जेमतेम दोन-तीन मीटर उंच असतात, फुले डोळ्यांच्या पातळीवर येतात, आणि क्योतोतील बाकीचा बहर संपत आला की तिचा सुरू होतो. गुडघ्याच्या माणसाला मान वर करत चढायला लावणार नाही अशी ही चेरी मला विशेष आवडली आहे.

एक दिवस ओकायामासाठी ठेवला. पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान, ज्याला आम्ही अजूनही ओकायामा गार्डन म्हणतो, ते ओकायामा शहरातील ज्या कोराकुएन उद्यानाच्या धर्तीवर केले आहे ते उद्यान १७०० मध्ये पूर्ण झाले. अठरा वर्षे मी पुण्याच्या उद्यानातील पुलावरून चालते आहे, तेव्हा मूळ पाहणे भाग आहे.

२० ऑक्टोबर २०२४, पुणे

विमानाची तिकिटे काढली. ओसाकाच्या कान्साई विमानतळावर उतरायचे आणि तिथूनच परतायचे, वाटेत एकदाच विमान बदलायचे. पुढे-मागे टोकियो करण्याचा मोह दोघांनाही होता, पण चौदा माणसांच्या सहलीत जे जमते ते दोन माणसांच्या गुडघ्यांना जमेलच असे नाही.

योशिनोच्या डोंगरावर दोन रात्रींची खोली मिळाली. बहराच्या दिवसांत तिथली जुनी निवासस्थाने फार लवकर भरतात. पहिल्या सात ठिकाणांहून नकार आला, आठव्या ठिकाणाने होकार देताना जेवण किती वाजता लागेल आणि चटया घातलेल्या खोलीत जमिनीवर झोपता येईल का, असे दोन प्रश्न विचारले. अण्णांना जमिनीवरून उठताना आधार लागतो, हे मी स्पष्ट कळवले. त्यांनी एक बुटकी खुर्ची आणि जाड गाद्या ठेवण्याचे मान्य केले आहे.

रेल्वेचा देशव्यापी पास घ्यायचा नाही असे ठरले. त्याचा सात दिवसांचा दर ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून ५०,००० येनवर गेला, आमचा जपान रेल्वेचा प्रवास मुख्यतः ओकायामाच्या एका फेरीपुरता आहे, आणि योशिनोला जाणारी गाडी किंतेत्सु या खासगी रेल्वेची असल्याने तिथे हा पास चालतच नाही.

१ डिसेंबर २०२४, सातारा

अजिंक्यताऱ्याचा सराव सुरू होऊन आज पाच आठवडे झाले. रोज सकाळी अण्णा शेजारच्या काकांबरोबर किल्ल्याच्या डांबरी रस्त्याने चढतात. सुरुवातीला पहिल्या वळणावर थांबत, आता चौथ्या वळणापर्यंत न बसता जातात. फिजिओथेरपिस्टांनी सांगितले आहे की चढण्यापेक्षा उतरणे गुडघ्याला अधिक जड जाते, म्हणून उतरताना दोन्ही हातांत काठ्या आहेत.

योशिनोत चढ बसने करायचा, पण उतार पायीच आहे, म्हणून काठ्या तिथेही लागतील. बहराच्या काळात डोंगरावर बस धावतात. बसने जितके वर जाता येईल तितके जायचे आणि मग कामिसेनबोनकडून नाकासेनबोनकडे सावकाश, दर पंधरा मिनिटांनी बसत खाली यायचे. स्थानकाजवळून निघणारा रोपवे १९२९ चा असून जपानमधील आज चालू असलेल्या रोपवेंत तो सर्वांत जुना आहे. त्यात बसण्याची अण्णांची इच्छा आहे, पण तो सुरू असेल त्या दिवशीच, त्यावर योजना अवलंबून ठेवायची नाही.

१२ जानेवारी २०२५, सातारा

आजची नोंद लांब होणार आहे, कारण आज अण्णांनी त्यांच्या फुलांच्या वह्या बाहेर काढल्या.

१९८९ पासून त्यांनी दर वर्षी घरामागच्या ओढ्याकाठचा पांगारा, जुन्या नाक्याजवळची काटेसावर आणि महाविद्यालयाच्या फाटकातील बहावा यांना पहिले फूल कधी आले याची तारीख लिहून ठेवली आहे. या वह्या आहेत हे मला माहीत होते, पण त्यांत एकाही वर्षाचा खंड नाही हे आज कळले. ज्या वर्षी मी रुग्णालयात होते त्या वर्षीची नोंदसुद्धा आहे. ती आईच्या अक्षरात आहे.

त्या वह्यांच्या शेजारी त्यांनी वर्तमानपत्राचे एक कात्रण जपून ठेवले आहे. क्योतोतील चेरीच्या भरबहराच्या तारखा ओसाकातील संशोधक यासुयुकी आओनो यांनी दरबारी लोकांच्या आणि भिक्षूंच्या दैनंदिन्यांतून, इतिहासग्रंथांतून वेचून एकत्र केल्या. त्यांच्या मालिकेतील सर्वांत जुनी तारीख इसवी सन ८१२ ची आहे. मधली अनेक वर्षे निसटली असली तरी एकाच जागच्या एकाच फुलाची एवढी लांब नोंद जगात दुसरी आढळत नाही. २०२१ मध्ये तिथे २६ मार्चला भरबहर आला आणि १४०९ सालचा २७ मार्चचा विक्रम मोडला. सहाशे वर्षांपूर्वीची तारीख एका दिवसाने मागे पडली, आणि ते आपल्याला कळू शकले, कारण कोणीतरी त्या संध्याकाळी फुलांखालची मेजवानी आटोपून घरी गेल्यावर दोन ओळी लिहिल्या होत्या. त्या लिहिणाऱ्यांना हवामानाचा अभ्यास करायचा नव्हता. अण्णा म्हणाले, "मलाही करायचा नव्हता. पांगारा फुलला हे लिहावेसे वाटले, एवढेच." ही मालिका यामाझाकुराची आहे, सोमेई योशिनोची नाही, हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता.

यानंतर त्यांनी मला कळीचे गणित समजावले. साकुराची फुलाची कळी आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात तयार होते आणि मग झोपी जाते. हिवाळ्याची पुरेशी थंडी मिळाल्याशिवाय ती झोप मोडत नाही. ती मोडली की पुढची वाढ उबेवर अवलंबून राहते. म्हणून नुसता उबदार हिवाळा आला म्हणजे फुले लवकर येतात असे नाही, थंडी अपुरी पडली तर ती लांबूही शकतात. टोकियोसाठी एक ढोबळ हिशेब प्रचलित आहे. १ फेब्रुवारीपासून रोजच्या कमाल तापमानाची बेरीज करत जायची, ती ६०० अंशांपर्यंत पोहोचली की फुले उमलण्याची वेळ आली असे समजायचे. हा हिशेब शहराचा आहे, डोंगराचा नाही, तरीही १ फेब्रुवारीपासून तो मांडायचा असे आमचे ठरले. मी आकडे रोज रात्री कळवायचे आणि अण्णांनी वहीत बेरीज करायची.

९ फेब्रुवारी २०२५, पुणे

व्हिसाची कागदपत्रे पूर्ण झाली. १ एप्रिल २०२४ पासून भारतीय पर्यटकांना जपानचा इलेक्ट्रॉनिक व्हिसा मिळू लागला आहे. त्यातील एक बाब ठळक अक्षरांत लिहून ठेवते, कारण अण्णांच्या पिढीच्या सवयीला ती उलटी आहे. विमानतळावर व्हिसाची सूचना फोनवर, इंटरनेटला जोडलेल्या अवस्थेतच उघडून दाखवावी लागते. छापील कागद किंवा पडद्याचे छायाचित्र चालत नाही. अण्णांच्या फोनमध्ये कान्साईला उतरताक्षणी इंटरनेट चालू असले पाहिजे. हे मी त्यांच्याकडून चार वेळा करून घेणार आहे.

औषधांची यादी डॉक्टरांच्या चिठ्ठीसह तयार आहे. स्वतःच्या वापराची, डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे एक महिन्यापुरती नेता येतात, आमची वीस दिवसांची आहेत. सर्दीच्या काही गोळ्यांतील स्यूडोएफेड्रिनवर आणि खोकल्याच्या औषधांतील कोडीनवर मात्र जपानमध्ये कडक निर्बंध आहेत, म्हणून घरातील नेहमीची सर्दीची पाकिटे आणि खोकल्याची बाटली बॅगेतून काढून टाकली.

बेरजेचे काम नियमित चालू आहे. या आठवड्यात जपानच्या उत्तरेत प्रचंड बर्फ पडला आणि ओबिहिरो शहरात ४ तारखेला बारा तासांत १२० सेंटिमीटर बर्फाची नोंद झाली. अण्णांना बर्फाची धास्ती नाही. "कळ्यांची झोप चांगली झाली" असे त्यांनी वहीत लिहिले आहे.

२ मार्च २०२५, पुणे

शनिवारच्या जपानी वर्गाचा आज खरा उपयोग झाला. आम्ही दोघेही शाकाहारी आहोत, आणि जपानमधील अडचण ताटात दिसणाऱ्या माशाची नसून न दिसणाऱ्या माशाची आहे. साध्या भाजीत, सुपात, शेवयांच्या रश्शात दाशी नावाचा अर्क असतो आणि तो बहुधा कात्सुओ या सुकवलेल्या माशाचा काढतात. म्हणून दोन वाक्ये पाठ केली. "निकु तो साकाना वा ताबेमासेन" आणि "कात्सुओ नो दाशी मो ताबेमासेन". अण्णांना ती पहिल्याच दिवशी जमली, कारण शब्दांचा क्रम मराठीसारखाच आहे. 'नो' म्हणजे आपला 'चा', 'मो' म्हणजे 'सुद्धा', आणि क्रियापद आपल्या ठिकाणी, शेवटी. "कात्सुओचा दाशीसुद्धा खात नाही." इंग्रजी शिकताना वाक्य उलटे करावे लागते तसे इथे काही करावे लागत नाही.

बौद्ध मठांतील शोजिन र्‍योरी या स्वयंपाकात समुद्रशेवाळ आणि वाळवलेल्या अळंब्यांचा अर्क वापरतात, त्यामुळे क्योतोतील दोन जेवणे तशी ठरवली. योशिनोच्या निवासस्थानाने आमच्यासाठी तसाच अर्क वापरण्याचे कळवले आहे, आणि त्यांच्या पत्राच्या शेवटी त्या डोंगराची ओळख असलेल्या कुझूचाही उल्लेख आहे. एका वेलीच्या मुळांपासून काढलेले हे पांढरे सत्त्व आपल्या तवकिलासारखे शिजवतात.

गोडाच्या बाबतीत अण्णांची उत्सुकता साकुरामोचीवर आहे. ओसाका-क्योतोकडच्या पद्धतीत भरड चिकट तांदळाच्या गुलाबी उंडीत अझुकी या लाल कडधान्याचे गोड पुरण भरतात आणि ती मिठात मुरवलेल्या चेरीच्या पानात गुंडाळतात. हळदीच्या पानातील पातोळ्यांची आठवण आईनेच काढली. फरक एवढा की हळदीचे पान आपण सोलून टाकतो, आणि चेरीचे पान बहुतेक लोक उंडीबरोबर खातात.

९ मार्च २०२५, पुणे

किंतेत्सुच्या आरक्षित गाडीची जागा प्रवासाच्या एक महिना आधी, जपानच्या सकाळी साडेदहा वाजता खुली होते, म्हणजे आपल्याकडे सात वाजता. मी पावणेसातपासून बसून होते. सात वाजून चार मिनिटांनी ओसाकाच्या आबेनोबाशी स्थानकापासून योशिनोपर्यंतच्या दोन जागा, ९ एप्रिल, सकाळची गाडी, खिडकीकडची एक, अशा मिळाल्या. प्रवास साधारण सव्वा तासाचा आहे. अण्णांना लगेच फोन केला. ते अजिंक्यताऱ्याच्या सहाव्या वळणावर होते.

२४ मार्च २०२५, पुणे

टोकियोत आज साकुरा फुलल्याचे जाहीर झाले, नेमके सरासरीच्या तारखेला.

हे जाहीर करण्याची रीत अण्णांना इतकी पटली आहे की ती इथे सविस्तर लिहिते. जपान हवामान संस्था फुलांचा अंदाज २०१० पासून देत नाही, ते काम आता खासगी संस्था करतात. परंतु प्रत्यक्ष निरीक्षण संस्थेने सोडलेले नाही. २०२१ मध्ये तिने प्राणी-वनस्पतींच्या ५७ प्रकारच्या नोंदींतून फक्त सहा वनस्पती ठेवल्या, आणि साकुरा त्या सहांत आहे. प्रत्येक केंद्रासाठी एक नमुना-झाड ठरलेले असते. टोकियोचे यासुकुनी मंदिराच्या आवारात आहे, ओसाकाचे ओसाका किल्ल्याच्या निशिनोमारू बागेत. कर्मचारी त्या झाडाखाली जाऊन डोळ्यांनी फुले मोजतात. पाच किंवा सहा फुले उमललेली दिसली की बहर सुरू झाला, आणि ऐंशी टक्के किंवा त्याहून अधिक कळ्या उमलल्या की भरबहर. उपग्रह आणि संगणक असलेल्या देशात ही तारीख अजूनही एका माणसाच्या वर बघण्यावर ठरते.

ओसाकातील पहिल्या दिवशी निशिनोमारू बागेतील ते झाड पाहायचे, हे आज योजनेत घातले. बहर उरलेला असो वा नसो, छत्तीस वर्षे वही लिहिलेल्या माणसाने त्या झाडापुढे उभे राहिलेच पाहिजे असे मला वाटते.

३० मार्च २०२५, सातारा

आज गुढीपाडवा, आणि टोकियोत आजच भरबहर जाहीर झाला. योगायोगाचा अर्थ काढत बसण्याची आमच्या घरात पद्धत नाही, पण आईने गुढीला साखरेची गाठी घालताना "त्यांचाही पाडवाच म्हणायचा" असे म्हटले आणि अण्णांनी ते तारखेसह वहीत लिहिले.

दुपारी सामानाची शेवटची छाननी केली. मेतकूट, डाळीचे लाडू आणि दशम्या जातील. ताजी फळे, कढीपत्ता, मिरच्या असे काही नेता येणार नाही. परतीच्या सामानाबद्दल मात्र अण्णांना समजवावे लागले. त्यांना झाडाखाली पडलेली एखादी बी आणायची होती. परदेशातून बी किंवा रोप आणण्यावर आपल्याकडे २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाचे बंधन आहे, परवाना आणि तपासणीशिवाय काहीही आणता येत नाही, आणि हे नियम कशासाठी असतात हे त्यांनीच माझ्या वर्गमैत्रिणींना शिकवलेले आहे. ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "बरोबर आहे. मी पानांची चित्रे काढीन." संध्याकाळी रंगीत पेन्सिलींची पेटी आणली. कोवळ्या यामाझाकुराच्या पालवीसाठी तांबूस तपकिरी रंगाच्या तीन छटा त्यांनी दुकानात कागदावर ओढून पाहून निवडल्या.

एप्रिलच्या थंडीलाही जपानी भाषेत नाव आहे, हानाबिए, म्हणजे फुलांच्या दिवसांत अचानक परतणारा गारठा. योशिनोच्या रात्रींसाठी दोन लोकरी बंड्या आणि कानटोपी वरच्या कप्प्यात ठेवली.

४ एप्रिल २०२५, सातारा

बॅगांची वजने झाली. येनही घेतले आहेत. अण्णांनी फोनवर व्हिसाची सूचना माझ्या मदतीशिवाय उघडून दाखवली. मुंबईची गाडी उद्या सकाळी सहाला येणार आहे.

योशिनोत खालच्या टप्प्यावर फुले उमलू लागल्याचे निवासस्थानाने काल कळवले. त्यांच्या मते ९ तारखेला नाकासेनबोन चांगल्या स्थितीत असावे आणि कामिसेनबोनवर कळ्या फुटत असाव्यात. अण्णांनी डोंगराचा हाताने काढलेला नकाशा काढून त्यावर चारही टप्प्यांना चार रिकाम्या चौकटी आखल्या. प्रत्येकीत तारीख आणि उमललेल्या कळ्यांचे प्रमाण ते तिथेच भरणार आहेत.

एकच काम शिल्लक होते. महाविद्यालयाच्या फाटकातील बहाव्याला पहिले फूल बहुधा एप्रिलमध्येच येते, आणि १६ तारखेपर्यंत आम्ही इथे नाही. शेजारच्या काकांची नात सातवीत आहे. तिची शाळेची वाट त्याच फाटकावरून जाते. संध्याकाळी अण्णांनी तिला बोलावून वही दाखवली आणि एक कोरी चिठ्ठी दिली. छत्तीस वर्षे त्यांनी नजरेस पडलेल्या पहिल्या फुलाचीच तारीख लिहिली होती. आज त्यांनी तिला सांगितले, "एक फूल दिसले म्हणून लिहायचे नाही. झाडाखाली उभी राहा, मोज, आणि पाच किंवा सहा पूर्ण उमललेली दिसली की त्या दिवसाची तारीख घाल." तिने विचारले, "आजोबा, पाच की सहा?" अण्णांनी थोडा विचार केला आणि सहा लिहून दिले.